उंबरठ्यावरची आज्ञावली

साहित्यविचाराला वाहिलेल्या या पानांवर लिनक्सच्या गाभ्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडला तर तो गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की गाभा, म्हणजे संगणकाच्या परिभाषेत ज्याला कर्नेल म्हणतात तो, ही आपल्या काळात लिहिल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या सामूहिक संहितांपैकी एक आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्ज या विद्यार्थ्याने ती लिहावयास घेतली. आज तिचा विस्तार काही कोटी ओळींचा आहे, तिचे लेखक हजारोंनी मोजावे लागतात, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघते. मराठी विकिपीडियाचे एखादे पान आपण उघडतो तेव्हा ते ज्या सर्व्हरवरून येते त्याच्या तळाशी हीच संहिता चालू असते. अशा संहितेत काय घ्यायचे, काय नाकारायचे आणि हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. तो संपादनाचा, समीक्षेचा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न होतो. आणि या तिन्ही विषयांत साहित्याच्या अभ्यासकाला रस असायला हवा.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणजे बॅकअपसाठी लिहिलेले एक मॉड्यूल गाभ्यात समाविष्ट व्हावे म्हणून २०२० पासून झालेले प्रयत्न. बॅकअपच्या आज्ञावल्या विकणाऱ्या वीम या कंपनीने ते पुढे आणले आणि २०२२ पासून ते बीएलकेस्नॅप या नावाने ओळखले जाऊ लागले. ते मुक्त परवान्याखाली आहे, ते उपयुक्त आहे याबद्दल फारसा वाद नाही, आणि तरीही २०२४ पर्यंतच्या अनेक फेऱ्यांनंतर ते उंबरठ्याच्या अलीकडेच राहिले. असे का व्हावे, याचा शोध घेतला तर 'चांगले आहे म्हणून स्वीकारले जाईल' ही आपली भाबडी समजूत तपासून पाहावी लागते.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. चालू असलेल्या सर्व्हरच्या डिस्कची प्रत काढायला कित्येक तास लागू शकतात. तेवढ्या वेळात त्या डिस्कवरचे लेखन थांबलेले नसते. लेखक कादंबरीत फेरफार करत असताना लेखनिकाने तिची नक्कल उतरावी, तसा हा प्रकार आहे. पहिले प्रकरण उतरून होईपर्यंत लेखकाने बाराव्या प्रकरणात एका पात्राचे नाव बदलले, आणि मग तो बदल जुळवून घेण्यासाठी पहिल्यातही बदलले, तर लेखनिकाच्या हाती जी प्रत येईल तिच्यात जुने पहिले प्रकरण आणि नवे बारावे प्रकरण असेल. अशी संहिता लेखकाच्या मेजावर कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती. कादंबरीत एवढ्याने फार बिघडत नाही, पाठचिकित्सकाला काम मिळते इतकेच. बँकेच्या खतावणीत किंवा रुग्णालयाच्या नोंदींत मात्र अशी प्रत परत उतरवून घेण्याच्या लायकीची राहत नाही. आणि ते कळते केव्हा, तर मूळ डिस्क गेल्यावर.

यावर उपाय म्हणजे क्षणचित्र, म्हणजेच स्नॅपशॉट. एक क्षण ठरवायचा. त्यानंतर डिस्कच्या ज्या ज्या ब्लॉकवर नवे लेखन येईल त्यातील जुना मजकूर आधी वेगळ्या जागी उतरवून ठेवायचा आणि मगच नव्याला वाट द्यायची. बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीला मग तो ठरलेला क्षण अखंड दिसत राहतो आणि सर्व्हरचे काम खोळंबत नाही. सोबत कोणते ब्लॉक बदलले याची नोंद ठेवली, तर पुढच्या खेपेला संपूर्ण डिस्क न उतरवता तेवढेच ब्लॉक उतरवता येतात. हे सारे करायचे तर लेखनाची प्रत्येक विनंती फाइलप्रणालीतून निघून डिस्कपर्यंत पोचण्याच्या आत वाटेत अडवावी लागते. ती वाट गाभ्यातून जाते. म्हणून ही आज्ञावली गाभ्याच्या बाहेर बसून लिहिता येत नाही.

लिनक्समध्ये क्षणचित्रांची सोय मुळीच नाही असे नव्हे. २००३ सालच्या २.६ आवृत्तीपासून डिव्हाइस मॅपर नावाचा स्तर गाभ्यात आहे आणि त्याच्या आधारे क्षणचित्रे घेता येतात; मात्र डिस्कची मांडणी आरंभीच त्या पद्धतीने केलेली असावी लागते आणि त्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. २००९ साली गाभ्यात आलेल्या बीटीआरएफएस या फाइलप्रणालीला स्वतःची क्षणचित्रे घेता येतात. पण सर्वाधिक रुळलेल्या ईएक्सटी४ला ती येत नाहीत. परिणामी, पाच वर्षांपूर्वी कोणीतरी साध्या पद्धतीने उभा करून दिलेला आणि आज थांबवणे परवडत नाही असा सर्व्हर ज्याच्या पदरी पडला आहे, त्या व्यवस्थापकापाशी सोपा मार्ग उरत नाही. विंडोजच्या २००३ च्या सर्व्हर आवृत्तीपासून अशी सोय त्या प्रणालीतच दिलेली आहे, ही तुलना येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी बॅकअप कंपन्यांनी आपापली मॉड्यूले लिहिली. वीमने एक लिहिले, डॅटो या कंपनीने दुसरे लिहिले. दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत आणि दोन्ही गाभ्याच्या झाडाबाहेर वाढली. बाहेर वाढण्याचे दुःख असे की आपण ज्या भिंतीला टेकून उभे आहोत ती भिंत कोणीही, कधीही हलवू शकतो. २०२० साली नेमके तेच झाले. ५.७ या आवृत्तीत गाभ्यातील अंतर्गत फंक्शनचा पत्ता नावावरून शोधून देणारी सोय बाहेरच्या मॉड्यूलांना बंद करण्यात आली. त्याच वर्षीच्या ५.९ आवृत्तीत, लेखनाची विनंती अडवण्यासाठी ही मॉड्यूले जेथे आपली कडी अडकवत असत ती जागाच दुसरीकडे नेण्यात आली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. गाभ्याच्या त्या भागाची रचना सुटसुटीत करण्याचे काम चालले होते, आणि बाहेर कोणी त्या खुंटीला काही टांगले आहे याची दखल घेण्याचे बंधन तेथे कोणावरही नाही.

हे बंधन नसणे हे गाभ्याचे जाहीर धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेला एक दस्तऐवज गाभ्याच्या कागदपत्रांतच समाविष्ट आहे, त्यात ते स्पष्टपणे मांडलेले आहे. गाभ्यावर चालणाऱ्या सामान्य आज्ञावल्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही. पण गाभ्याच्या अंतर्भागातील जोडण्या कायम ठेवण्याचे वचन कोणालाही द्यायचे नाही. ज्याला या बदलांची झळ नको असेल त्याने आपला कोड मुख्य झाडात आणावा. मग जो कोणी अंतर्गत रचना बदलेल तोच तुमचा कोडही त्याबरोबर बदलून देईल. हा व्यवहार आम्हांला तत्त्वतः न्याय्य वाटतो. अंतर्गत रचना गोठवली असती, तर ही संहिता तीन दशकांनंतरही जिवंत राहिली असती असे वाटत नाही.

तेव्हा वीमने हाच सल्ला मानला असे म्हणता येईल. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्या अभियंत्याने दोन भागांचा प्रस्ताव मांडला: लेखनाची विनंती अडवता येईल अशी एक अधिकृत कडी, आणि त्या कडीचा वापर करणारे क्षणचित्रांचे मॉड्यूल. दोन भाग एकत्र का, तर गाभ्याचा आणखी एक संकेत असा की ज्याचा वापर करणारे गाभ्यात कोणी नाही अशी सोय आत घ्यायची नाही. कडी एकटी आणली तर 'वापरणारा कोण?' असे विचारले जाते, मॉड्यूल एकटे आणावे तर ते अडकवायला कडीच नाही. दोन्ही एकदम आणली तर परीक्षकापुढे एवढा मोठा मजकूर येतो की तो वाचायला सवड काढणे हीच अडचण होते. नवोदित लेखकाला पहिले पुस्तक निघाल्याखेरीज प्रकाशक विचारत नाही आणि प्रकाशकाखेरीज पहिले पुस्तक निघत नाही, या परिचित पेचाचीच ही आवृत्ती होय.

प्रस्तावावर पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला: डिव्हाइस मॅपर असताना हे वेगळे कशाला? लेखकाने तो आक्षेप गांभीर्याने घेऊन, चालू डिस्कच्या वाटेत डिव्हाइस मॅपरलाच मध्ये बसवता येईल असा दुसरा मार्ग मांडून पाहिला. तोही मार्गी लागला नाही. मग २०२२ च्या जूनमध्ये प्रस्ताव नव्या नावाने, नव्या मांडणीसह पुन्हा आला आणि त्यानंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. मधल्या काळात उपस्थित झालेले प्रश्न पाहिले तर ते वरवरचे नव्हते. जुना मजकूर साठवण्याची जागा भरून गेली तर क्षणचित्राचे काय होणार? ती जागा त्याच डिस्कवर असेल तर स्वतःचेच लेखन अडवून आज्ञावली स्वतःभोवती गुंतणार नाही ना? डिस्ककडे जाताना मजकूर कूटबद्ध होत असेल, तर वेगळी ठेवलेली जुनी प्रत उघडी पडण्याचा धोका कसा टाळणार? यांतल्या प्रत्येक प्रश्नाने मूळ लेखन सुधारले असणार, याविषयी आम्हांला शंका नाही.

येथवर पाहिले तर गाभ्याचे रखवालदार आपले काम चोख करत आहेत असेच म्हणावे लागेल. त्यांची बाजू याहूनही भक्कम आहे. साहित्याचा संपादक एखादी कविता स्वीकारतो तेव्हा त्याचे दायित्व अंक छापून झाल्यावर बहुतांशी संपते. कविता कवीची असते आणि तिच्या बऱ्यावाईटाचे श्रेय कवीकडेच जाते. गाभ्याचा संपादक, ज्याला तेथे मेंटेनर म्हणतात, जे स्वीकारतो ते पुढे त्याला सांभाळावे लागते. लेखक उद्या नोकरी बदलेल, त्याची कंपनी परवा धोरण बदलेल, कोड मात्र राहील. बीकॅशएफएस या फाइलप्रणालीचे उदाहरण ताजे आहे. दीर्घ प्रतीक्षेनंतर ती ६.७ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, मुख्य प्रवाहात आली. पुढे बदल केव्हा आणि कसे पाठवायचे यावरून तिचा लेखक आणि टोरवाल्ड्ज यांच्यात वाद वाढत गेले, आणि २०२५ साली ६.१८ आवृत्तीच्या वेळी तिचा कोड झाडातून काढून टाकण्यात आला. प्रवेश मिळाल्यानंतरही नाते टिकवावे लागते, हा त्याचा बोध.

दुसरे उदाहरण लिनक्सचे नाही, पण या चर्चेला लागू पडणारे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी कोसळले. त्या कंपनीची आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात बसून काम करत होती, म्हणूनच एवढा अनर्थ झाला. जेथे सामान्य चूक एका आज्ञावलीपुरती न राहता सबंध यंत्र आडवे करते, तेथे दारावरचा माणूस संशयी असलाच पाहिजे. डिस्कवर जाणारे प्रत्येक लेखन वाटेत अडवणाऱ्या मॉड्यूलाच्या बाबतीत तर तो अधिकच संशयी असला पाहिजे. कारण तेथील चूक यंत्र थांबवून थांबणार नाही, ती मजकूरच बिघडवील.

एवढे सगळे मान्य करूनही आमचा मतभेद उरतो, आणि तो नीट मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे. 'बाहेर राहाल तर तुमची जबाबदारी तुमच्यावर' हे म्हणण्याचा नैतिक अधिकार गाभ्याला एकाच अटीवर मिळतो: आत येण्याची वाट खरोखर चालण्याजोगी असली पाहिजे. दार बंद असेल तर तसे सांगावे. उघडे असेल तर कोणत्या अटींवर उघडे आहे ते सांगावे. वर्षानुवर्षे ना होकार ना नकार अशा अवस्थेत एखादे लेखन ठेवणे यांपैकी कशातच बसत नाही. एका फेरीत ज्या मुद्द्याचे उत्तर दिले त्याच्या जागी पुढच्या फेरीत दुसऱ्याच वाचकाकडून दुसराच मुद्दा येतो. कधी कोणीच काही बोलत नाही. यात कोणी मुद्दाम छळ मांडलेला नसतो. वाचणारे थोडे आणि लिहिणारे फार, ही तेथील खरी टंचाई आहे. पण टंचाईमुळे होणारा अन्यायही अन्यायच असतो.

'जे आहे ते वापरा' हा आक्षेपही आम्हांला पुरेसा वाटत नाही. घर बांधताना तळघर ठेवले असते तर बरे झाले असते, हे राहत्या घराच्या मालकाला सांगून उपयोग नसतो. जगातले सर्व्हर आदर्श मांडणीने उभे केलेले नसतात आणि बॅकअपची गरज मांडणी पाहून येत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांनी, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, जवळपास एकच काम करणारी मॉड्यूले लिहावीत आणि आपापल्या खर्चाने दर आवृत्तीनिशी ती दुरुस्त करत राहावे, ही गोष्ट एका कंपनीच्या हट्टापेक्षा सार्वत्रिक उणिवेकडे बोट दाखवते.

या लांबणीची किंमत कंपन्या आपल्या ग्राहकांकडून वसूल करून घेतीलच. ती शेवटी पडते त्या व्यवस्थापकावर, ज्याच्या सर्व्हरवर रात्री गाभ्याची नवी आवृत्ती चढते आणि बाहेरचे मॉड्यूल तिच्यासाठी नव्याने बांधले जात नाही. बॅकअप त्या रात्री होत नाही, पुढच्या रात्रीही होत नाही, आणि सूचना वाचणारे कोणी नसेल तर कित्येक रात्री होत नाही. यंत्र सुरू होताना सही तपासण्याची सुरक्षा चालू असेल, तर बाहेरच्या मॉड्यूलसाठी वेगळी किल्ली नोंदवावी लागते. तो सोपस्कार जमला नाही की काही जण ती सुरक्षाच बंद करून मोकळे होतात. याहून वाईट असे की काही जण गाभ्याचे अद्ययावतीकरणच टाळतात, म्हणजे बॅकअप चालू राहावा म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून देतात. गाभ्याची शुद्धता राखण्याच्या आग्रहातून गाभ्याच्या जुन्या, सच्छिद्र प्रती चालत राहाव्यात, हा विरोधाभास रखवालदारांनी विचारात घ्यायला हवा.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी शक्य आहेत. कडी हवी की नको, याचा निर्णय मॉड्यूलपासून वेगळा करून आधी द्यावा. वापरणारे कोण, याचे उत्तर बाहेरच्या दोन मॉड्यूलांनी केव्हाच दिलेले आहे. दुसरे, काही ठराविक फेऱ्यांनंतर त्या विभागाच्या मेंटेनरने लेखी निर्णय द्यावा: स्वीकार, अटींसह स्वीकार, किंवा कारणासह नकार. तिसरी गोष्ट मागणाऱ्यांकडून अपेक्षित आहे. एका कंपनीच्या एका अभियंत्याच्या खांद्यावर आलेला प्रस्ताव पाहून 'हा गेला तर पुढे कोण?' असे विचारले जाणारच. ज्या कंपन्यांची गरज एक आहे त्यांनी एकत्र येऊन सांभाळणारी दोन-चार माणसे जाहीरपणे पुढे करावीत. सांभाळण्याची हमी आधी दिसली, तर स्वीकारण्याचे धैर्य मागाहून येते. चिकाटीला तेथे फळ येतच नाही असेही नाही: तत्काळ प्रतिसादाची हमी देणारी रिअल-टाइमची सुधारणा वीसेक वर्षे टप्प्याटप्प्याने आत येत राहिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा अखेरचा महत्त्वाचा तुकडा स्वीकारला गेला. त्यामागे अनेक संस्था होत्या, हे विसरून चालणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणातून आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी. गाभ्यात आलेल्या प्रत्येक बदलाखाली लेखकाची सही असते. हे लेखन देण्याचा मला अधिकार आहे, असे त्या सहीने तो प्रमाणित करतो. ही पद्धत २००४ पासून आहे. ज्याने तो बदल तपासला तो आपले नावही त्याखाली घालू शकतो, आणि उद्या दोष निघाला तर त्या नावाकडेही बोट जाते. आपल्याकडे प्रस्तावना लिहिणारा, पाठराखणीचा मजकूर देणारा, वार्षिक आढाव्यात पुस्तकाचे नाव घेणारा यांच्यापैकी किती जण अशी जबाबदारी पत्करतात? आपल्या समीक्षेत स्तुती स्वस्त आहे, कारण स्तुती करणाऱ्याला पुढे काही सांभाळावे लागत नाही. गाभ्याची समीक्षा कठोर आहे. ती पूर्वी उर्मटही होती, आणि २०१८ साली वर्तनाची संहिता स्वीकारून तो उर्मटपणा आवरण्याचा प्रयत्न तेथील मंडळींनी केला. पण ती समीक्षा ओळीवर बोट ठेवून बोलते आणि आपल्या शब्दाला बांधली जाते.

म्हणूनच तिच्याकडून अपेक्षाही मोठी. ज्या परीक्षकाला होकाराची जबाबदारी एवढी कळते, त्याने मौनाचीही जबाबदारी घेतली पाहिजे. नकार पचवून लेखक दुसरी वाट शोधू शकतो. निरुत्तर राहिलेला लेखक मात्र उंबरठ्यावर उभा राहून आपलेच लेखन पुन्हा पुन्हा नव्याने उतरवत राहतो, आणि तोवर कोणाच्या तरी सर्व्हरची रात्र बॅकअपवाचून जाते.